आरशातील घोडा : छायाचित्रावरील खरेदी-विक्री आणि अमानतदारी



नमाज-रोजा म्हणजे दीन आणि बाजारहाट म्हणजे दुनिया, अशी वाटणी आपण आपल्या मनात नकळत करून ठेवली आहे. मशिदीच्या पायरीवर चप्पल काढताना आपण सावध असतो. चप्पल पुन्हा पायात सरकवली की ती सावधगिरी तिथेच राहून जाते. इस्लामने मात्र अशी वाटणी कधीच मान्य केली नाही. आपल्या मदरशांत शिकवल्या जाणाऱ्या फिक्हच्या ग्रंथांत नमाजच्या प्रकरणाइतक्याच बारकाईने खरेदी-विक्रीचे प्रकरण लिहिलेले असते. त्या प्रकरणात धान्य आहे, कापड आहे, जमीन आहे आणि घोडाही आहे. आज त्या घोड्याविषयीच बोलावयाचे आहे. कारण तो आता बाजारातून निघून आपल्या हातातल्या मोबाइलमध्ये येऊन उभा राहिला आहे.

जनावरांचा बाजार आपल्याला नवा नाही. आपल्या भंडारा जिल्ह्यात बैलजोडी, म्हैस, शेळी-बोकड यांची देवघेव पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. शंकरपटाचे दिवस आले की झाडीपट्टीत बैलांची चर्चा सुरू होते, ईदुल-अजहा जवळ आली की बोकडांची आणि लग्नसराई आली की वरातीच्या घोडीची. घोड्यांचा मोठा बाजार पाहावयाचा तर राज्याच्या दुसऱ्या टोकाला, नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याला जावे लागते. तापीच्या काठी दत्तजयंतीच्या यात्रेत मारवाडी, काठियावाडी, पांढरेशुभ्र नुकरा असे घोडे तेथे विक्रीस येतात. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या यात्रेतही घोड्यांचा बाजार भरतो. अशा बाजारांत जुना जाणता गिऱ्हाईक घोड्याभोवती फिरतो, तोंड उघडून दात पाहतो, खूर उचलून पाहतो, दोन पावले चालवतो, मग पळवतो. दलाल रुमालाखाली बोटे धरून भाव सांगतो. या साऱ्याला वेळ लागतो आणि त्या वेळातच खरे-खोटे कळते.

आता हा वेळ वाचला आहे. छायाचित्र येते, भाव येतो, “टोकन टाका, नाहीतर दुसरा घेऊन जाईल” असा निरोप येतो आणि साकोलीचा किंवा तुमसरचा माणूस शेकडो किलोमीटर दूर उभ्या असलेल्या जनावराचे पैसे मोबाइलवरूनच पाठवून मोकळा होतो. यात सोय आहे हे खरे. दूरच्या बाजाराला जाण्याचे भाडे न परवडणाऱ्या गरिबालाही चार जनावरे पाहून निवड करता येते. तथापि जेथे सोय आहे तेथे कसोटीही आहे.

घोड्याचा मान

आपल्या दीनमध्ये घोड्याला मोठा मान आहे. पवित्र कुरआनच्या १०० व्या सूरहमध्ये, सूरह अल-आदियातमध्ये, धापा टाकीत धावणाऱ्या घोड्यांची शपथ घेतलेली आहे. आणि त्यानंतर लगेच सांगितले आहे ते माणसाच्या कृतघ्नतेविषयी व त्याच्या धनलोभाविषयी. घोडा मालकासाठी धुळीत झेपावतो आणि माणूस मात्र आपल्या पालनकर्त्याला विसरतो, ही तुलना मनात ठेवण्यासारखी आहे. सहीह बुखारीतील एका हदीसचा आशय असा की घोड्यांच्या कपाळावरील केसांना कयामतपर्यंत भलाई बांधलेली आहे. दुसऱ्या हदीसमध्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले की घोडा कोणासाठी पुण्य असतो, कोणासाठी आधार असतो आणि कोणासाठी गुन्ह्याचे ओझे असतो, ओझे त्याच्यासाठी, जो तो दिखाव्यासाठी व घमेंडीसाठी बाळगतो. घोडा तोच, बाळगणाऱ्याच्या नियतीप्रमाणे त्याचा हिशेब बदलतो. छायाचित्राचेही असेच आहे.

छायाचित्राचा प्रश्न

येथे एक मसला टाळून पुढे जाणे योग्य नाही. सजीवांची चित्रे काढण्याविषयी हदीसमध्ये कडक इशारे आलेले आहेत आणि छायाचित्र त्यात मोडते की नाही, याविषयी उलमांमध्ये मतभेद आहे. काही उलमा त्यास मनाई करतात व केवळ खऱ्या गरजेपुरती सवलत देतात. दुसरे काही उलमा, विशेषतः मोबाइलच्या पडद्यावरील चित्राविषयी, असे म्हणतात की ते माणसाने घडवलेले चित्र नसून आरशातील प्रतिबिंबासारखे आहे. आपण ज्या आलिमांवर विश्वास ठेवता त्यांना विचारून त्याप्रमाणे अमल करावा. या मतभेदावरून एकमेकांवर ताशेरे ओढू नयेत.

मात्र एक गोष्ट लक्षात घ्यावी. ज्याने छायाचित्राला आरशातील प्रतिबिंब मानून त्याची सवलत घेतली, त्याने त्या प्रतिबिंबाचा दुसरा हुकूमही मान्य केला पाहिजे. तो हुकूम आपल्या हनफी फुकहांनी शेकडो वर्षांपूर्वी लिहून ठेवला आहे. कोणी विकावयाची वस्तू आरशात पाहिली, तर त्याने ती वस्तू पाहिली असे धरले जात नाही. कारण त्याने मूळ वस्तू पाहिली नाही, तिची प्रतिकृती पाहिली. पाण्यातील मासा पाण्याबाहेरून पाहिला, तर ते पाहणे पुरेसे की नाही, यावरही त्यांनी चर्चा केली आणि पुरेसे नाही म्हणणाऱ्यांनी कारण दिले की पाण्यात वस्तू आहे त्याहून मोठी दिसते. कॅमेरा माहीत नसलेल्या त्या बुजुर्गांनी कॅमेऱ्याचा दोष जणू अचूक सांगून ठेवला! हातच्या कांकणाला आरसा कशाला, असे आपण मराठीत म्हणतो. पण कांकण हातात नसेल, तेव्हा आरशावर किती विसंबावे, हे फिक्ह आपल्याला शिकवते.

चित्र काय लपवते?

दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. मोबाइल जमिनीजवळ धरून खालून छायाचित्र घेतले की लहान चणीचा घोडा उंच भासतो. फार जवळून समोरून घेतले की डोके मोठे आणि पाय आखूड दिसतात. तेच जरा मागे सरून, पोटाच्या पातळीवरून बाजूने घेतले की बांधा खरा दिसतो. उंचवट्यावर उभा केलेला घोडा आणि त्याच्या शेजारी मुद्दाम उभा केलेला ठेंगणा माणूस, ही जुनीच युक्ती आहे. अंगाला तेल चोळून चमक आणणे, पांढरे केस कलपाने काळे करणे, दोन-तीन वर्षांपूर्वीचे छायाचित्र आजचे म्हणून पाठवणे, दुसऱ्याच्या जनावराचे छायाचित्र आपले म्हणून दाखवणे, रंग गडद करणे, हे सर्व आज अंगठ्याच्या टोकावर आले आहे. आणि जो दोष सर्वांत महाग पडतो तो, म्हणजे लंगडणे, स्थिर छायाचित्रात कधीच दिसत नाही. उभा घोडा लंगडत नाही.

बोकडाचेही तसेच. एका बाजूने घेतलेल्या छायाचित्रात दुसऱ्या बाजूचा अधू डोळा दिसत नाही. मीठ-पाणी पाजून फुगवलेले पोट भरलेले दिसते. हदीसमध्ये कुरबानीसाठी न चालणारी जनावरे सांगितली आहेत : जिचा एका डोळ्याने आंधळेपणा उघड आहे, जिचा आजार उघड आहे, जिचे लंगडेपण उघड आहे, आणि जी इतकी खंगली आहे की हाडांत मगज उरला नाही. विचार करा, ज्याने असा दोष लपवून जनावर विकले त्याने केवळ काही हजार रुपये लुबाडले नाहीत. एका मुसलमान कुटुंबाची इबादत धोक्यात घातली.

म्हणजे जनावर स्वच्छ करणे गैर आहे काय? मुळीच नाही. घोड्याला खरारा करावा, आयाळ विंचरावी, सपाट जागी चांगल्या उजेडात उभा करावा. यात मालाचा खरा गुण उजळतो. कसोटी सोपी आहे. जे आहे ते नीट दाखवणे ही सजावट. जे नाही ते दाखवणे किंवा जे आहे ते झाकणे, हा धोका. गिऱ्हाईक प्रत्यक्ष समोर आल्यावर आपण ज्या गोष्टीमुळे अस्वस्थ होऊ, ती छायाचित्रातच सांगून टाकावी.

धान्याची रास आणि बांधलेले आचळ

सहीह मुस्लिममधील प्रसंग सर्वांना माहीत आहे. प्रेषित (स.) बाजारातून जात असताना धान्याच्या एका राशीत त्यांनी हात घातला, तेव्हा बोटांना ओलावा लागला. विचारल्यावर विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर प्रेषितांनी विचारले की मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही. आणि धोका देणारा आपल्यातला नाही, असा इशारा दिला. आपल्या धानाच्या जिल्ह्यात ओलाव्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. खरेदी केंद्रावर १७ टक्क्यांहून जास्त ओलावा निघाला की पोते बाजूला काढले जाते. पण प्रेषितांचा प्रश्न ओलावा किती आहे हा नव्हता. तो खाली का ठेवला, हा होता. पाऊस विक्रेत्याने पाडला नव्हता. रास मात्र त्याने रचली होती. घोड्याचा पाय मालकाने अधू केलेला नसेल. छायाचित्राची चौकट मात्र त्यानेच ठरवलेली असते.

दुसरी हदीस तर थेट जनावराविषयी आहे. विकण्यापूर्वी उंटिणीचे किंवा शेळीचे दूध काही दिवस न काढता आचळ फुगू द्यावयाचे, म्हणजे गिऱ्हाइकाला ती दुभती वाटावी, अशी रीत अरबांमध्ये होती. प्रेषितांनी तिला मनाई केली आणि असे जनावर घेणाऱ्याला ते ठेवण्याचा किंवा परत करण्याचा पर्याय दिला. एका रिवायतीत त्यासाठी तीन दिवसांची मुदत आली आहे. परतीच्या तपशिलांवर इमामांमध्ये मतभेद असले, तरी त्या कृत्याच्या गुन्हा असण्यावर मतभेद नाही. त्या विक्रेत्याने तोंडाने एक शब्दही खोटा उच्चारला नव्हता. केवळ देखावा उभा केला होता. “मी कुठे खोटे बोललो? फोटो तर खराच आहे,” असे म्हणणाऱ्यांनी या हदीसवर विचार करावा.

न पाहता घेतलेल्या वस्तूचा पर्याय

हजरत उस्मान (रजि.) यांनी आपली एक जमीन हजरत तलहा (रजि.) यांना विकली. घेणाऱ्याने जमीन पाहिली नव्हती आणि विकणाऱ्यानेही. लोकांनी दोघांनाही म्हटले की तुम्ही फसलात. दोघांनीही उत्तर दिले की मला सौदा मोडण्याचा पर्याय आहे. निवाडा हजरत जुबैर बिन मुत्इम (रजि.) यांच्याकडे गेला आणि त्यांनी पर्याय घेणाऱ्याला दिला. हनफी फिक्हमध्ये यालाच ‘खियारे रुयत’ म्हणतात : न पाहता घेतलेली वस्तू पाहिल्यानंतर ती स्वीकारण्याचा वा परत करण्याचा अधिकार. पाहण्यापूर्वी गिऱ्हाईक “मला पसंत आहे” असे म्हणून बसला असला, तरी पाहिल्यावर त्याचा हा अधिकार शिल्लक राहतो. शाफई मसलकात तर, प्रबळ मतानुसार, न पाहिलेल्या वस्तूचा सौदाच ग्राह्य धरला जात नाही. आपल्या कोकणातील शाफई बांधवांनी हे ध्यानात ठेवावे.

पाहणे म्हणजे तरी किती पाहणे? ‘हिदाया’ या सुप्रसिद्ध ग्रंथात त्याचेही उत्तर आहे. स्वारीच्या जनावराचे तोंड आणि पुठ्ठा पाहिला तर पाहणे झाले. मांसासाठी घ्यावयाची शेळी हाताने चाचपून पाहिली पाहिजे. दुधासाठी घ्यावयाची असेल तर तिची कास पाहिली पाहिजे. म्हणजे ज्या हेतूने जनावर घ्यावयाचे, त्या हेतूची जागा पाहिली पाहिजे. छायाचित्र चाचपता येत नाही.

यावरून दोन गोष्टी निघतात. “फोटो पाहून सौदा पक्का, नंतर जनावर परत घेतले जाणार नाही,” असे लिहून टाकल्याने प्रत्यक्ष पाहण्याचा हक्क संपत नाही. दुसरे, घोडा पाहून गिऱ्हाइकाने नकार दिला, तर आगाऊ घेतलेले पैसे परत करावेत. ते दाबून ठेवणे म्हणजे दुसऱ्याचा माल नाहक खाणे होय. “सर्व दोषांसह विकत आहे” अशी अट घालण्यास आपल्या इमामांनी वाव दिला आहे, हे खरे. त्यामुळे सौदा कदाचित टिकेल. पण ठाऊक असलेला दोष जाणूनबुजून झाकण्याचा गुन्हा त्या अटीने धुतला जात नाही.

चित्र काढणाऱ्याची जबाबदारी

मध्यंतरी जुम्याच्या नमाजनंतर एका तरुणाने मला विचारले, “मौलाना, मी जनावरांचे फोटो काढून देतो. घोडी ज्याची आहे तो सांगतो, मागचा डावा पाय येऊ देऊ नकोस. विकणारा तो, घेणारा दुसरा. मी फक्त बटण दाबतो. माझी मजुरी हलाल ना?” त्याच्या घरी म्हातारे आई-वडील आहेत आणि घर त्याच्याच कमाईवर चालते. प्रश्न विचारताना तो खाली पाहत होता; म्हणजे उत्तर त्याला ठाऊक होते.

त्याला जे सांगितले तेच येथे सांगतो. हजरत वासिला बिन असका (रजि.) एका ठिकाणी उभे असताना एका माणसाने तीनशे दिरहमला उंटीण विकली. घेणारा निघून गेल्यावर वासिलांच्या ध्यानात आले आणि ते त्याच्यामागे धावत गेले. त्यांनी विचारले की मांसासाठी घेतलीस की स्वारीसाठी. स्वारीसाठी, असे कळल्यावर त्यांनी सांगितले की हिच्या पायाला छिद्र पडलेले मी पाहिले आहे. ही लांबची चाल सोसणार नाही. तो परत आला आणि विकणाऱ्याला शंभर दिरहम कमी करावे लागले. विकणारा चिडला. तेव्हा वासिलांनी प्रेषितांची शिकवण सांगितली की दोष सांगितल्याविना विकणे विकणाऱ्याला हलाल नाही. आणि ज्याला तो दोष ठाऊक आहे, त्याला गप्प राहणेही हलाल नाही.

वासिला ना विकणारे होते, ना घेणारे, ना दलाल. त्यांनी केवळ पाहिले होते. मग ज्याने पाहिले, आणि मजुरी घेऊन न दिसेल अशी व्यवस्था केली, त्याचे काय? कुरआनने सूरह अल-माइदामध्ये नेकी व तकवा यांत सहकार्य करण्यास आणि गुन्हा व अत्याचार यांत सहकार्य न करण्यास सांगितले आहे. म्हणून प्रामाणिक छायाचित्राची मजुरी निःसंशय हलाल आहे. दोष झाकण्यासाठी मागितलेल्या छायाचित्राची मजुरी ही गुन्ह्यातील भागीदारी आहे. असे काम नाकारल्याने दोन गिऱ्हाइके तुटतील, हे मी त्या तरुणापासून लपवले नाही. पण ज्याची छायाचित्रे खरी असतात अशी ख्याती झाली, त्याच्याकडे घेणारेच विक्रेत्यांना पाठवतात. आणि समजा तसेही झाले नाही, तरी रोजी देणारा मालक घोडीचा मालक नव्हे.

घेणाऱ्याचीही कसोटी

अमानतदारी एकट्या विकणाऱ्याची नसते. हजरत जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांच्या माणसाने त्यांच्यासाठी तीनशे दिरहमला घोडा ठरवून आणला. जरीर यांनी घोडा पाहिला आणि मालकाला म्हणाले की तुझा घोडा तीनशेहून अधिक किमतीचा आहे. ते स्वतःच भाव वाढवीत गेले आणि अखेर आठशे दिरहम देऊन त्यांनी घोडा घेतला. कारण विचारले तेव्हा म्हणाले की प्रत्येक मुसलमानाचे हित चिंतण्याची बैअत मी प्रेषितांच्या हातावर केली आहे. आज अडलेल्या माणसाचे छायाचित्र पाहून “हे तर मरतुकडे आहे” असे मुद्दाम लिहिणारे, घ्यावयाचे नसताना भाव फुगवणारे, चारचौघांत बोली लावून मग मोबाइल बंद करणारे आपल्यातच आहेत. त्यांनी या आठशे दिरहमांपुढे क्षणभर थांबावे.

मुक्या जनावराचा हक्क

आणि त्या घोड्याचाही हक्क आहे. जनावरांच्या पाठीला बैठक बनवून ठेवू नये, अशी ताकीद हदीसमध्ये आहे. मदीनेतील एका बागेत एक उंट प्रेषितांना पाहून कण्हू लागला, त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहिले; तेव्हा प्रेषितांनी त्याच्या मालकाला उपाशी ठेवण्याबद्दल व थकवण्याबद्दल समज दिली. मान उंच दिसावी म्हणून लगाम खेचून धरणे, वैशाखाच्या उन्हात तासभर उभे करणे, लंगडणे लपावे म्हणून दुखणे मारणारी सुई टोचून पळवणे, हे सारे त्या मुक्या जिवावरचे अत्याचार आहेत. तो तक्रार लिहू शकत नाही. त्याची तक्रार ऐकणारा मात्र आहे.

करावयाच्या गोष्टी

विकणाऱ्याने दोन्ही बाजूंनी, समोरून व मागून, चारही पाय दिसतील अशी छायाचित्रे द्यावीत; दातांचे वेगळे द्यावे; चालतानाचे चलचित्र द्यावे; तारीख खरी लिहावी आणि दोष शब्दांत लिहावा. जनावर विकले गेले की छायाचित्र काढून टाकावे. घेणाऱ्याने स्वतः किंवा जाणत्या माणसाला पाठवून जनावर पाहावे, जनावरांच्या डॉक्टरांना दाखवावे आणि मगच उरलेली रक्कम द्यावी. समूह चालवणाऱ्यांनी खोटी छायाचित्रे टाकणाऱ्याला मोकळे सोडू नये. गिऱ्हाईक मुसलमान असो वा हिंदू, बौद्ध असो वा अन्य कोणी, नियम एकच; कारण कर्ज काढून घोडी घेणाऱ्याचा संसार त्या चार पायांवर उभा असतो, आणि तो फसला तर त्याच्या शापात आपले नाव तर येतेच, आपल्या दीनलाही बोल लागतो.

बुखारी व मुस्लिम यांतील हदीसचा आशय असा की विकणारा व घेणारा दोघे खरे बोलले आणि दोष उघड केला, तर त्यांच्या सौद्यात बरकत येते. लपवले आणि खोटे बोलले, तर बरकत पुसली जाते. पैसे वाढलेले दिसतात, बरकत गेलेली दिसत नाही. तीही छायाचित्रात येत नाही.

वाचकहो, मराठीत म्हणतात, घोडामैदान जवळच आहे. घोडा किती पाण्यात आहे हे मैदानातच ठरते. आपल्यासाठीही एक मैदान तयार आहे. सूरह यासीन सांगते की त्या दिवशी तोंडावर मोहर लागेल, हात बोलतील आणि पाय साक्ष देतील. ज्या बोटाने बटण दाबले ते बोट तेथे असेल, आणि जो पाय चौकटीबाहेर ठेवला तोही.

अल्लाह आपल्या नजरेला खरे दाखवण्याची व खरे पाहण्याची तौफीक देवो, आपल्या रोजीत बरकत देवो आणि आपल्यामुळे फसलेल्यांचा हक्क याच जगात फेडण्याची हिंमत देवो. आमीन.